घरच्या फ्रेमवर्कमध्ये फॉर्मचं व्हॅलिडेशन कुठं ठेवावं?

उद्यमनगरकर:
मंडळी, कोल्हापुरातल्या फाउंड्रीवाल्यांसाठी ऑर्डर-चलनाची ॲप्स करतोय. दरवेळी तेच कोण लिहिणार, म्हणून पायथॉनमध्ये छोटं फ्रेमवर्क बांधायला घेतलंय. फॉर्मची तपासणी (व्हॅलिडेशन) मॉडेलवर, म्हणजे डेटाबेसातल्या तक्त्याच्या क्लासवर ठेवू की वेगळा फॉर्म क्लास करू? ब्राउझरमध्ये रकान्यांना रिक्वायर्ड (भरणं सक्तीचं) आणि पॅटर्न (ठरावीक साचा) लावलेत, तेवढ्यावर भागेल का?

रंकाळा_रात्रपाळी:
नाही भागत राव. कुणी ब्राउझर टाळून कर्लनं, म्हणजे कमांड लाइनवरच्या टूलनं, सर्व्हरला थेट डेटा पाठवला की ब्राउझरचा पहारा गेला.

फॉर्म क्लास वेगळाच कर. त्यात आलेला कच्चा मजकूर, तपासून तयार झालेला डेटा आणि चुका वेगवेगळ्या ठेव. जँगो या पायथॉनच्या फ्रेमवर्कमध्ये डेटा, क्लीन्ड डेटा, एरर्स आहेत ते याचसाठी. कच्चा मजकूर पुसायचा नाही. वजनाच्या रकान्यात कुणी ‘१२५० किलो’ लिहिलं आणि रूपांतर फसलं, तर परत आलेल्या फॉर्मात ‘१२५० किलो’च दिसलं पाहिजे. रकाना रिकामा दिसला की गिऱ्हाईक तुलाच फोन लावणार.

आधी रूपांतर, मग एकेका रकान्याचे नियम, मग आपसातले, म्हणजे पोच तारीख ऑर्डरच्या आधीची नको वगैरे. सगळ्या चुका एकदम दाखव. फक्त रूपांतरच फसलं असेल तर त्या रकान्याचे पुढचे नियम चालवू नको, उगाच एका चुकीला तीन संदेश.

मिसळ_४०४:
वरच्याला अनुमोदन. टिक न केलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही, तेव्हा ‘आलंच नाही’ आणि ‘रिकामं आलं’ यांत गल्लत नको.

आपल्याकडची खास गंमत म्हणजे देवनागरी आकडे. पायथॉनचा इंट ‘४१६००१’ बिनतक्रार घेतो, रेजेक्समधला (मजकुराचा साचा तपासणाऱ्या भाषेतला) ‘कुठलाही आकडा’ सांगणारा बॅकस्लॅश-डीसुद्धा. ब्राउझरच्या पॅटर्नमधला मात्र फक्त इंग्रजी आकडे ओळखतो. पिनकोड तर स्ट्रिंगच (आला तसा मजकूर) ठेवायचा, म्हणजे डेटाबेसात दोन्ही लिप्यांची खिचडी. तपासणीआधी आकडे एका लिपीत आण.

आणि आलेली सगळी फील्डं डोळे झाकून मॉडेलमध्ये ओतू नको. २०१२ मध्ये गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर याच भोकातून एकानं रेल्स या वेब फ्रेमवर्कच्या रिपॉझिटरीत शिरून दाखवलं होतं. कुठली फील्डं घ्यायची ते फॉर्मनंच ठरवावं.

उद्यमनगरकर:
भारी. मग मॉडेलवरचं युनिक (तोच नंबर दोनदा नको ही अट) काढून टाकू? चलन नंबर फॉर्ममध्येच तपासतो.

रंकाळा_रात्रपाळी:
अजिबात नको! दोघांनी एकदम सेव्ह दाबलं तर फॉर्म दोघांनाही पास करतो. युनिक डेटाबेसातच राहू दे. तिथून एरर आली की पकडून चलन नंबरच्या चुकांत टाक, पाचशेचं (सर्व्हर बिघडल्याचं) पान दाखवू नको.