मदत हवी आहे: अपघाताच्या दाव्यात इन्स्टाचं रील पुढे आलंय, डिलीट करावं का?

वायरमन_कोथरूड: मोटार अपघात न्यायाधिकरणात केस चालू आहे, पुणे. परवा उलटतपासणीत इन्शुरन्सच्या वकिलाने रीलचा स्क्रीनशॉट पुढे ठेवला. मी मिरवणुकीत, कंबरेला ढोल. 'हे तुम्हीच ना?' हो म्हणालो, आणि तिथेच तारीख पडली. रील चुलतभावाने टाकलंय, मला टॅग करून. त्याला काढायला सांगू की माझं अकाउंटच बंद करू? मंगळवारी तारीख आहे, लवकर सांगा.

रानवारा: दुखापत कसली? दावा कधी टाकला? प्रतिज्ञापत्रात काय लिहिलंय? अर्धमुर्ध्या माहितीवर सांगायला आम्ही पोपटवाले नाही.

वायरमन_कोथरूड: गुडघा. प्लेट आहे आत. दावा एप्रिल २०२४ चा. डिलीट करू का ते सांगा ना.

न्यूजर्सीकर: अजिबात नको! इकडे व्हर्जिनियात एकाची बायको अपघातात गेली. त्याच्या वकिलाने फेसबुक 'साफ' करायला लावलं. ते उघडकीला आल्यावर वकिलाला ५,४२,००० डॉलर आणि अशिलाला १,८०,००० डॉलर भरावे लागले. इकडे समोरची पार्टी पोस्टी रीतसर मागवते.

रानवारा: पुण्यातल्या माणसाला डॉलर कशाला सांगताय? पण मुद्दा बरोबर आहे. भावालाही काढू देऊ नका. कोर्टापुढे आलेली गोष्ट गायब केली की 'लपवताहेत' हे त्यांना आयतंच मिळतं, शिवाय पुरावा नष्ट करणं हा गुन्हा आहे.

साधा_माणूस: ६५-ब चं प्रमाणपत्र, म्हणजे पुरावा कायद्यात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागतं ते, जोडलंय का त्यांनी? नसेल तर स्क्रीनशॉटला काडीची किंमत नाही. सुप्रीम कोर्टाचा २०२० चा खोतकरांचा निकाल वाचा, जालन्याच्या निवडणुकीचा.

रानवारा: नवीन पुरावा कायद्यात ते कलम ६३ झालंय. पण दावा १ जुलै २०२४ च्या आधीचा, म्हणून जुनंच लागेल. आणि न्यायाधिकरणात पुरावा कायदा तितका काटेकोरपणे लावत नाहीत. त्यात यांनी फोटो कबूल केलाय. नुसत्या आक्षेपावर विसंबू नका.

कानठळ्या: मुळात ढोलपथकांवर बंदीच हवी. आमच्या गल्लीत जुलैपासून सराव सुरू होतो.

मृणाल_ताई: दादा, रील टाकलं कधी आणि शूट कधीचं?

वायरमन_कोथरूड: टाकलं २०२४ च्या गणपतीत. शूट त्याच्या आदल्या वर्षीच्या विसर्जनाचं. अपघात डिसेंबर २०२३ चा.

मृणाल_ताई: अहो, मग हे पहिल्याच ओळीत नको का सांगायला! फोटो अपघाताआधीचाच आहे की. वकिलांना आजच सांगा. फेरतपासणीत, म्हणजे उलटतपासणीनंतर आपला वकील पुन्हा विचारतो तेव्हा, 'हे चित्रीकरण कधीचं' एवढं विचारू देत. भावाकडून मूळ व्हिडिओ मागवा, व्हॉट्सअ‍ॅपवरून नको, त्यात मूळ तारखेची माहिती उडते. फाइल, तो फोन, भाऊ साक्षीला. आणि केस संपेपर्यंत घरच्यांना सांगून ठेवा, लग्नातलं, ट्रेकचं काही टॅग करायचं नाही. अकाउंट प्रायव्हेट करायला हरकत नाही, तरी वकिलांना विचारूनच.

साधा_माणूस: काम काय करता? वायरमन म्हणजे शिडी आलीच. सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, राजकुमार विरुद्ध अजयकुमार, २०११: अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवरचे टक्के म्हणजे कमाईतलं नुकसान नव्हे, तुमच्या कामावर काय परिणाम झाला ते बघतात. समजा ढोल वाजवता येत असेल, तरी तासभर शिडीवर उभं राहता येत नसेल तर मुद्दा उरतोच. वकिलांना तो लावून धरायला सांगा.

वायरमन_कोथरूड: शिडीवर चढणं बंदच आहे, हाताखालच्या पोराला चढवतो, त्याला रोज द्यावा लागतो. भावाने तो फोन विकलाय.

मृणाल_ताई: गूगल फोटोजमध्ये बघा. आणि पोराला देता ते पैसे वहीत लिहिता ना?

वायरमन_कोथरूड: गूगलमध्ये सापडला, तारीख २८ सप्टेंबर २०२३. वहीत काही नाही, रोखच देतो. गूगल पेवरून दिलेले थोडे असतील.

मृणाल_ताई: जेवढे असतील तेवढ्यांचं बँक स्टेटमेंट काढा आणि पोरगा साक्षीला येईल का ते विचारा.

पिंट्या०७: माझ्या अ‍ॅक्टिव्हाचा इन्शुरन्स संपलाय, थर्ड पार्टी पुरेल का?