मदत हवी आहे: १५० मिग्रॅ/मिली अँटीबॉडीची स्थिरता पातळ न करता कशी मोजता?

आमची मोनोक्लोनल अँटीबॉडी (एकाच प्रकारच्या प्रतिपिंडाचं औषध) त्वचेखालच्या इंजेक्शनसाठी १५० मिग्रॅ/मिलीपर्यंत नेली आहे. सोबत पीएच ६ राखणारा हिस्टिडिन बफर आणि रेणूंना पृष्ठभागांपासून जपणारा पॉलिसॉर्बेट ८०. अडचण अशी, की एसईसीसाठी (रेणू आकारानुसार वेगळे करून मोजणारी क्रोमॅटोग्राफी) नमुना पातळ करावा लागतो आणि तेवढ्यात सैल जुळलेले रेणू पुन्हा सुटे होतात. आलेख अगदी स्वच्छ येतो, पुंजके दिसतच नाहीत. तीच कुपी २ ते ८ अंशांवर मात्र दुधाळ दिसते, सिरिंजमधून ढकलायलाही जड जाते. ४० अंशांवर ठेवून केलेल्या वेगवान चाचणीच्या आकड्यांवरून फ्रिजमधल्या दोन वर्षांचा अंदाज बांधायला मन धजत नाही. उष्णतेने रेणू उलगडून होणारे पुंजके वेगळे, थंडीतलं हे चिकटणं वेगळं. मूळ तीव्रतेवरच स्टॅटिक लाइट स्कॅटरिंग (विखुरलेल्या प्रकाशावरून रेणूंचं जुळणं मोजणं) कुणी केलंय का? आणि आर्जिनिन हे अमिनो आम्ल घालून दुधाळपणा गेला, तर स्थिरताही सुधारली असं धरता का? रुग्ण हे घरी स्वतः टोचून घेणार आहेत, म्हणून घाई करायची नाही.