बुडती बँक सरकारने का घ्यावी?

खडूस_खातेदार: ब्रिटिश सरकारने बुडत्या रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडमध्ये (आरबीएस) ४५.५ अब्ज पौंड ओतले. मे २०२५मध्ये शेवटचा हिस्सा विकला तेव्हा जवळपास १० अब्जांचा खड्डा. बुडू दिली असती तर काय बिघडलं असतं?

गॉस्फर्थकर: सप्टेंबर २००७ला मी न्यूकॅसलला शिकत होतो. नॉर्दर्न रॉक ही बँक तिथलीच, फुटबॉल टीमच्या शर्टावरही तिचंच नाव. एका सकाळी शाखेबाहेर ही रांग! बहुतेक पेन्शनर. कोणी घडीची खुर्ची आणलेली, कोणी थर्मास. आरडाओरडा नाही, रांग मोडणं नाही (आपल्याकडे असतं तर शटर वाकलं असतं). पण परत कोणी फिरेना. तेव्हा पहिल्या २,००० पौंडांचीच पूर्ण हमी होती, पुढच्या ३३,००० वर ९० टक्के. माझे साडेतीनशे सुरक्षित होते, तरी मीही रांगेत! सरकारने सगळ्या ठेवींची हमी दिली तेव्हा कुठे रांगा ओसरल्या. फेब्रुवारी २००८मध्ये बँकच ताब्यात घेतली. भागधारकांच्या हाती भोपळा आला, ठेवीदारांचा पैसा शाबूत राहिला. आरबीएस तर कितीतरी मोठी. ती बंद पडती तर पगार कुठून झाले असते?

खडूस_खातेदार: म्हणजे १० अब्ज ही रांग टाळायची फी?

गॉस्फर्थकर: तसंच समजा. लॉइड्स बँकेत मात्र घातलेले पैसे वर थोडा नफा घेऊन परत आले, २०१७ला. माझा राग वेगळाच आहे: आरबीएसच्या माजी प्रमुखाची सरदारकी काढून घ्यायला २०१२ उजाडलं.

स्टॉकहोमची_सून: स्वीडनने हे १९९२लाच केलं होतं. बुडीत कर्जं वेगळ्या सरकारी कंपनीत टाकली. सासरे अजून कौतुकाने सांगतात.