पुण्यात रात्री पत्र्यावर दिसलेला प्राणी कोणता?

प्रश्न: कोथरूड. रात्री अकरा वाजता मांजरापेक्षा लांबट, काळपट प्राणी. शेपूट जवळपास अंगाएवढी. मुंगूस का?

उत्तर: मुंगूस दिवसा फिरतं. हे उदमांजर, म्हणजे कांडेचोर, असावं. शेपटीवर वलयं होती? असतील तर जवादी मांजर, पण ते बहुतेक जमिनीवरच वावरतं. कठड्यावर फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा दिसते का पाहा.

प्रश्नकर्ता: वलयं नाहीत, बिया आहेत. ते घराच्या माळ्यावर शिरतं ती फट बुजवू?

दुसरं उत्तर: दिवसा अजिबात नको! आत झोपलेलं जनावर कोंडून मरेल. आधी पिल्लं आहेत का बघा. असतील तर ती मोठी होऊन जाईपर्यंत थांबा. नसतील तर अंधारात ते बाहेर पडल्यावर जाळी ठोका. पिंजरा लावू नका. अडकलंच, तर वनविभागाला १९२६ वर कळवा.