मदत हवी आहे: मोटरहोम भाड्याने द्यायची जाहिरात लोक बघतात आणि पुढे जातात

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमच्याकडे एक मोटरहोम आहे. व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली. लांबी ७ मीटर. वर्षातून दोन-तीन आठवडे आम्ही फिरतो, बाकी वेळ ती उभी असते आणि आम्ही तिचे विम्याचे हप्ते भरतो. म्हणून भाड्याने द्यायचं ठरवलं आणि मालकांकडून थेट गाड्या भाड्याने मिळतात अशा एका संकेतस्थळावर जाहिरात टाकली.

चार महिने झाले. जाहिरात हजारावर लोकांनी उघडून पाहिली, १९ जणांनी चौकशी केली, बुकिंग झाली ३. त्यातल्या एकाने तीन तारे देऊन ठेवलेत, त्याबद्दल खाली लिहितो.

जाहिरातीचा मजकूर जसाच्या तसा देतोय:

"सुस्थितीतील प्रशस्त मोटरहोम. दमदार १४० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन, सहा गिअर. सहा जणांची झोपण्याची सोय. एसी, फ्रिज, हीटर, शॉवर. सर्व सोयींनी युक्त. कुटुंबासाठी उत्तम. एकमालकी, काळजीपूर्वक वापरलेली. अटी लागू."

फोटो सात आहेत. चार बाहेरून, एक इंजिनाचा, एक स्वयंपाकाच्या ओट्याचा, एक आतून मागच्या बाजूचा.

आता त्या तीन ताऱ्यांबद्दल. एक कुटुंब सहा माणसं घेऊन आलं. गाडीत पट्टे असलेल्या सीट चार. मी म्हटलं, चारच बसतील. ते म्हणाले, तुम्हीच सहा लिहिलंय. मी म्हटलं, सहा झोपतात असं लिहिलंय, बसतात असं नाही. शेवटी दोघं जण मागून आपल्या गाडीने गेले. परत आल्यावर त्यांनी लिहिलं, "गाडी छान, पण जाहिरातीत आणि प्रत्यक्षात फरक." माझ्या मते मी एक शब्दही खोटा लिहिलेला नाही.

बायको म्हणते भाडं उतरवा. मला वाटतं फोटोग्राफर बोलवावा. जाणकारांनी सांगा, आधी कशाला हात घालू?

प्रतिसाद १

जाहिरात वाचून इंजिन विकत घ्यावंसं वाटलं. गाडी भाड्याने घ्यावीशी नाही वाटली.

प्रतिसाद २

वरचा टोमणा सोडा, पण मुद्दा बरोबर आहे. तुम्ही गाडी विकायची जाहिरात लिहिलीय. एकमालकी, सुस्थिती, अश्वशक्ती हे विकत घेणारा विचारतो. भाड्याने घेणाऱ्याला चार रात्री काढायच्या असतात. तो विचारतो, झोपणार कुठे, आंघोळ कुठे, आणि हे धूड मला चालवता येईल का.

मी सहा वर्षं आमची कॅरॅव्हॅन भाड्याने देतोय. तुमच्या आकड्यांवरून सांगतो: हजार लोक उघडतात म्हणजे पहिला फोटो आणि भाडं ठीक आहे, नाहीतर उघडलीच नसती. गळती आत आल्यावर आहे. म्हणून भाडं उतरवू नका, निदान आत्ता तरी नको.

फोटोग्राफरही नको. फोन पुरतो. फक्त आधी गाडी रिकामी करा. तुमचं ओट्यावरचं भांडी पुसायचं फडकं, दारामागचा रेनकोट, सगळं बाहेर. दिवसा सगळे पडदे उघडा आणि आतले दिवेही लावा. फोन आडवा, छातीच्या उंचीवर, कोपऱ्यात पाठ टेकवून उभे राहा. फोनमधली ती अतिरुंद लेन्स वापरायचा मोह होईल, टाळा. तिच्यात दोन मीटरची जागा दिवाणखान्यासारखी दिसते आणि माणूस आत पाय टाकतो तेव्हाच त्याचा हिरमोड होतो.

प्रत्येक पलंगाचा वेगळा फोटो हवा, चादर घातलेला. तुमच्या जेवणाच्या टेबलाचा रात्री पलंग होत असणार. त्याचे दोन फोटो काढा, दिवसाचा आणि रात्रीचा. टेबल खाली बसवून गाद्या कशा लावायच्या हे ज्याने कधी पाहिलं नाही त्याला "सहा जणांची सोय" वाचून काहीही कळत नाही. पलंगांची मापं टेप लावून घ्या आणि लिहा. डोक्यावरच्या पलंगाची गादी ते छत ही उंचीसुद्धा मोजा.

आणि संडासाचा फोटो कुठे आहे?

धागाकर्ता

संडासाचा फोटो मुद्दामच टाकला नाही. बरं दिसत नाही असं वाटलं.

टेप लावून आलो. डोक्यावरचा पलंग २.०० बाय १.४५, वर ६० सेंमी. मागचा १.९० बाय १.३०. टेबलाचा पलंग निघाला १.७० बाय १.०५. त्यावर दोन मोठी माणसं झोपतील असं मी चार महिने सांगत होतो. दोन लहान मुलं झोपतील, तीही भांडत.

अवांतर: तुम्ही सांगितल्यावर जुने फोटो नीट पाहिले. मागच्या बाजूच्या फोटोत कपाटाच्या आरशात मी बनियनवर उभा आहे. हजार लोकांनी पाहिलं, एकानेही सांगितलं नाही.

प्रतिसाद ३

मी घेणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. आम्ही दोघी बहिणींनी आयुष्यात पहिल्यांदा मोटरहोम घेतली तेव्हा तीन जाहिरातींमधून एक निवडली. ती सगळ्यात स्वस्त नव्हती, गाडीही जुनी होती. पण त्या बाईंनी संडासाची टाकी कशी काढायची, कशी रिकामी करायची, याचा दीड मिनिटाचा व्हिडिओ टाकला होता. हातात मोजे घालून, शांतपणे, एकदाच. आमचा निम्मा धीर तिथेच आला. नवख्या माणसाला सगळ्यात जास्त भीती त्याच गोष्टीची असते आणि कुणी मोकळेपणी विचारत नाही. विचारत नाही म्हणजे दुसरी जाहिरात उघडतो.

दुसरी भीती गाडी चालवायची. त्यांनी उंची लिहिली होती आणि पुढे, "हाच आकडा ड्रायव्हरसमोर चिकटवलेला आहे, पुलाखाली जाताना आठवावा लागत नाही." मागे कॅमेरा आहे की नाही, गिअर हाताने की आपोआप, साधा परवाना चालतो का, हे सगळं पहिल्या चार ओळींत होतं. तुमच्या जाहिरातीत "सहा गिअर" आहे, पण ते हाताने टाकायचे का, हेच मला कळलं नाही.

चादरी-उशा आणि भांडी गाडीत आहेत की आपण आणायची, तेही लिहा. "सर्व सोयींनी युक्त" म्हणजे काय ते तुमचं तुम्हाला माहीत.

आणि उत्तर किती वेळात देता? आम्ही तिघांना एकाच रात्री विचारलं होतं. एकाचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं, तोवर आम्ही पैसे भरून मोकळ्या.

प्रतिसाद ४

धागाकर्ते, गाडीच्या कागदांवर दोन आकडे शोधा: जास्तीत जास्त भारासह वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन. वजाबाकी करून इथे टाका.

धागाकर्ता

३५०० आणि ३०४०. म्हणजे ४६० किलो.

प्रतिसाद ४

मला हेच हवं होतं. आता माणशी ७० किलो धरा. सहा माणसांचे ४२० झाले. पिण्या-वापरण्याच्या पाण्याची टाकी किती, १०० लिटर? एक लिटर म्हणजे एक किलो, १०० झाले. बेरीज ५२०. अजून एकही बॅग आत ठेवलेली नाही आणि गाडी ६० किलोंनी जास्त भरलीय. तेव्हा सहा पट्टे असते तरी सहा माणसं नेता आली नसती. साध्या कार-परवान्याची मर्यादा बऱ्याच ठिकाणी ३५०० किलोच असते, म्हणजे गडबड झाली तर चालवणाऱ्याच्या गळ्याशी येते, आणि टायर-ब्रेकचा प्रश्न आहे तो वेगळा.

चार माणसं, २८०. पाणी भरून ३८०. उरले ८०. त्यात कपडे, खाणं, खुर्च्या. हा ८० किलोंचा आकडा जाहिरातीत लिहा. सायकली घेऊन येणारा आधीच विचारेल, ऐन निघताना वाद होणार नाही.

आता एसी. एसी आहे हे खरं, पण तो कशावर चालतो? बॅटरी कुठली?

धागाकर्ता

१०० अँपिअर-तासाची एक, साधी शिशाची. एसी बाहेरून वीज जोडली की चालतो. टाकी १०० लिटरचीच आहे, बरोबर ओळखलंत.

प्रतिसाद ४

मग तसंच लिहा. १२ व्होल्ट गुणिले १०० म्हणजे १२०० वॅट-तास. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये म्हणतात, म्हणजे हाताशी ६००. छतावरचा एसी हजार-बाराशे वॅट ओढतो. इन्व्हर्टर बसवून चालवलात तरी अर्ध्या तासात खेळ खलास. रानात गाडी लावून रात्रभर एसीत झोपायचं स्वप्न बघून कुणी आलं तर पुढचा दोन ताऱ्यांचा अभिप्राय तयार आहे. त्याऐवजी लिहा: "वीज जोडलेली असेल तिथे एसी. नसेल तिथे दिवे, पाण्याचा पंप, फोनचं चार्जिंग आरामात. फ्रिज गॅसवर."

पाण्याचंही तेच. घरच्यासारखा शॉवर मिनिटाला ८ लिटर सोडतो, १०० लिटर साडेबारा मिनिटांत संपतात. "शॉवर आहे" एवढं वाचून चौघं जण सकाळी ओळीने आंघोळीला जातात आणि चौथा साबण लावून तुम्हाला फोन करतो. अनुभव आहे.

फ्रिज गॅसवर चालणारा असेल तर तो गार व्हायला कित्येक तास घेतो आणि गाडी सपाट जागी उभी लागते. तुम्ही आदल्या रात्री लावून ठेवा आणि जाहिरातीत लिहा, "फ्रिज गार करून मिळेल." फुकटात चांगलं नाव होतं.

प्रतिसाद ५

सगळे मजकुरावर बोलतायत, पण विमा पाहिलात का? खाजगी वापराच्या विम्यात गाडी भाड्याने दिली तर भरपाई नाही, असं कलम बहुधा असतं. संकेतस्थळाचा विमा असला तरी तो कुठल्या दिवसापासून, किती रकमेपर्यंत, आणि बाहेरचं ताणायचं कापडी छत त्यात येतं का, हे वाचा. वाऱ्यात उघडं राहून सगळ्यात आधी तेच फाटतं.

भाड्याबाबत प्रतिसाद २ शी असहमत. नवीन जाहिरातीला चांगले अभिप्राय मिळेपर्यंत थोडं उतरवावंच. तीनच बुकिंग आणि त्यातला एक तीन तारे, ही पाटी धुवायला पाच-सहा समाधानी माणसं लागतील आणि ती आत्ता पूर्ण भाड्यात येणार नाहीत. गर्दीच्या सुट्ट्या सोडून द्या, मधल्या रिकाम्या आठवड्यांत उतरवा. किमान रात्री पाच ठेवल्या असतील तर तिथे दोनवर आणा.

प्रतिसाद २

रिकाम्या आठवड्यांपुरतं मान्य. पण मग सफाईचे पैसे, रोजचे किती किलोमीटर भाड्यात, त्यापुढे काय, अनामत किती आणि कधी परत, हे सगळं एकाच जागी लिहा. "अटी लागू" काढून टाका. ते दोन शब्द वाचले की माणसाचा हात खिशाकडे जातो, आणि पाकीट घट्ट धरायला.

त्या अभिप्रायाला उत्तर दिलंय का? दिलं नसेल तर दोन ओळींत द्या. "झोपतात लिहिलं होतं, बसतात नाही" हे चुकूनही नको. वाचणारा नवीन माणूस त्या कुटुंबाच्या जागी स्वतःला बघतो.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. काल दिवसभर यातच होतो.

अभिप्रायाखाली लिहिलं: "चूक माझी. प्रवास चौघांचाच होतो हे जाहिरातीत स्पष्ट नव्हतं, आता पहिल्याच ओळीत लिहिलं आहे. तुमच्या दोघांना वेगळं जावं लागलं याबद्दल दिलगीर आहे." लिहिताना जड गेलं, खोटं कशाला बोलू. पण ती वजाबाकी केल्यावर भांडायला तोंड राहिलं नव्हतं.

नवीन मजकुराची सुरुवात अशी:

"चौघांनी प्रवास करायची मोटरहोम. पट्ट्याच्या सीट ४. मोठ्यांचे पलंग २, शिवाय टेबलाचा एक छोटा पलंग (१.७० मी., मुलांसाठी). गिअर हाताने, मागे कॅमेरा, लांबी ७ मी., उंची ३.१ मी., साधा परवाना चालतो. पहिल्यांदाच चालवत असाल तर निघण्याआधी अर्धा तास शेजारी बसून मोकळ्या मैदानात फिरवून आणतो. चादरी, उशा, भांडी गाडीत आहेत. तुमचे टॉवेल आणा."

इंजिन सगळ्यात खाली गेलं, एका ओळीत. काढवेना.

फोटो आता १८ आहेत, आरसा झाकून काढले. संडासाचा व्हिडिओ मुलीने काढून दिला, दीड मिनिटाचा साडेतीन झाला कारण टाकीचं झाकण माझ्याकडूनच पटकन निघालं नाही. पुन्हा काढतो. विम्याचे कागद वाचायला घेतलेत. प्रतिसाद ५ म्हणाले तसं कलम आमच्या विम्यात आहे. संकेतस्थळाच्या विम्याबद्दल लेखी विचारलंय, तोवर तारखा बंद ठेवल्यात.

आज सकाळी एक चौकशी आली. चार माणसं, सहा रात्री, तारखा उघडल्या की कळवा म्हणाली. तिचा पहिलाच प्रश्न होता, टाकी रोज रिकामी करावी लागते का. तिला साडेतीन मिनिटांचाच व्हिडिओ पाठवून दिलाय.