हे दुसरे व्यसन नव्हे
हेरॉइनचे व्यसन सोडवण्यासाठी ब्यूप्रेनॉर्फिन हे औषध देतात, तेव्हा ‘एक व्यसन सोडवण्यासाठी दुसरे लावतात’ असा आक्षेप घेतला जातो. तो मला पटत नाही. हेरॉइन मेंदूतील ज्या ग्राहींवर (पेशींवरील ज्या जागांना रसायने चिकटतात त्यांवर) काम करते, त्यांनाच ब्यूप्रेनॉर्फिन घट्ट चिकटते, पण त्यांना अंशतःच उद्दीपित करते. त्यामुळे हेरॉइन सोडल्यावर होणारी अंगदुखी, जुलाब, तळमळ शमते आणि औषधाची मात्रा वाढली तरी श्वास मंदावण्याला मर्यादा राहते (सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्यास मात्र धोका कायम असतो). फ्रान्समध्ये १९९५ नंतर फॅमिली डॉक्टरही हे औषध लिहून देऊ लागले आणि चार वर्षांत अतिमात्रेने होणारे मृत्यू सुमारे ७९ टक्क्यांनी घटले. घरच्यांना कळकळीची विनंती आहे, की रुग्ण सावरला म्हणून घाईने औषध थांबवू नका. शरीराची सवय मोडलेली असताना पुन्हा घेतलेली हेरॉइनची पूर्वीचीच मात्रा जीवघेणी ठरू शकते.