'निरागस' म्हणजे नक्की काय हो? अजाण की बिनगुन्ह्याचा?

कोशवेडा:
भाषांतराच्या एका कामात 'इनोसन्स' या शब्दापाशी दोन तास अडकलो. एकाच मजकुरात तो चारदा आला आणि चारही वेळा मराठीत वेगळा शब्द घ्यावा लागला. बाळाच्या चेहऱ्यावर निरागसपणा, आरोपीचं निर्दोषत्व, युद्धात मारले गेलेले निरपराध, आणि गोड बोलून कुणीही ज्याच्याकडून सही करून घ्यावी त्या माणसाचा भोळेपणा. इंग्रजीला एका शब्दात भागतं, आपण चार खर्च करतो. तक्रार ती नाही.

तक्रार अशी की 'निरागस'चं आपण पार मातेरं केलंय. 'आगस्' म्हणजे अपराध, पाप. निर् + आगस्, म्हणजे ज्याच्याकडे अपराध नाही तो. ऋग्वेदात (१.२४.१५) वरुणाला पाश सैल करायला विनवून झाल्यावर 'आम्ही अनागस होऊ' असं म्हटलंय. तिथे कुणाला गोंडस दिसायचं नाहीये, अपराधातून सुटायचंय. शाकुंतलाच्या पहिल्याच अंकात तपस्वी दुष्यंताचा बाण अडवतो: तुमचं शस्त्र पीडितांच्या रक्षणासाठी आहे, 'न प्रहर्तुमनागसि', निरपराधावर चालवायला नव्हे. हरणाने काही गुन्हा केलेला नाही, एवढाच मुद्दा. डोळे टपोरे आहेत म्हणून सोडा, असं तो म्हणत नाही.

आज 'आरोपी निरागस आहे' असं लिहिलं तर लोक हसतील. शब्दाला त्याची जुनी ताकद परत द्यावी, असं माझं मत.

वाटसरू:
साफ असहमत. व्युत्पत्ती हा शब्दाचा जन्मदाखला. आज तो कुठे राहतो ते त्यावर लिहिलेलं नसतं. धर्मशास्त्रात 'साहस' म्हणजे बळजबरीचा गुन्हा: लूट, मारहाण, खून. आता साहस केलं म्हणून शाळेत मुलांचा सत्कार होतो. तोही शब्द परत नेणार का?
आणि ही घसरण आपल्याकडेच होते असं नाही. इंग्रजीतला 'सिली' एके काळी 'धन्य, पुण्यवान' होता. मग निष्पाप झाला, मग बिचारा, आणि शेवटी मूर्ख. स्पॅनिशभाषक देशांत २८ डिसेंबर हा बायबलमधल्या हेरोद राजाने मारलेल्या बालकांच्या स्मरणाचा दिवस. त्याच दिवशी लोक एकमेकांना बनवतात आणि फसलेल्याला 'इनोसेंते!' म्हणून चिडवतात. बिनगुन्ह्याचा, अजाण, मग सहज फसणारा, ही पायवाट पुष्कळ भाषांनी तुडवलीय. आपणही भोळ्याचा भोळसट केलाच की.

तिरपा ढग:
धागाकर्त्याची मूळ गल्लत इथे आहे. 'इनोसन्स' मूळचा लॅटिन, आणि लॅटिनमध्ये 'नोस्केरे' म्हणजे जाणणे. इन + नोस्केरे, म्हणजे न जाणणारा. थोडक्यात अजाण! तेव्हा बाळाला निरागस म्हणतात ते बरोबरच आहे.

कोशवेडा:
@तिरपा ढग, ही चूक इतकी प्रसिद्ध आहे की तिचाच वेगळा धागा निघेल. मूळ 'नोस्केरे' नाही, 'नोकेरे': इजा करणे. इनोसन्ट म्हणजे इजा न करणारा, निरुपद्रवी. आपल्या 'नाशयति'चं ते सख्खं भावंड आहे, दोन्ही एकाच जुन्या धातूतून आलेली. जाणण्याचा त्यात संबंध नाही.
@वाटसरू, 'साहस' बिनतोड आहे, मान्य. पण त्या अर्थाला दुसरे शब्द मिळाले. आगस् नसण्याला काय उरलं?

तिसरी घंटा:
उरलंय की, 'निरपराध'. आणि तो तुमच्या लाडक्या शब्दापेक्षा सरस आहे. संस्कृतात अप + राध् म्हणजे नेम चुकणे. ज्याचे बाण नेहमी चुकतात अशा धनुर्धराला 'अपराद्धपृषत्क' असा शब्दच आहे. अपराधी म्हणजे मुळात नेम हुकलेला.
बाकी कोर्टात अनेक वर्षं काढल्यावर सांगते (नोकरी म्हणून, आरोपी म्हणून नव्हे): न्यायालय कुणाला धुतल्या तांदळासारखा ठरवत नाही. गुन्हा शाबीत झाला की नाही, एवढंच बघतं. बातमीत 'निर्दोष मुक्तता' छापून येतं, पण सुटलेल्यांत खरोखर न केलेलेही असतात आणि पुराव्याअभावी सुटलेलेही. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं ११वं कलम म्हणतं, की गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष मानावा. त्यातला 'मानावा' महत्त्वाचा. तिथे 'निरागस' आणलात तर वकिलांचं फावेल. साळसूद चेहऱ्याचे अशील मी भरपूर पाहिलेत.

तिरपा ढग:
व्युत्पत्तीत हरलो, मान्य. पण कायद्याच्या मराठीत १८ वर्षांखालचा तो 'अज्ञान' आणि वरचा 'सज्ञान', हे तरी धराल ना? म्हणजे जाणिवेचा संबंध आपणच जोडलाय.

सायली_आई:
तुमच्या शब्दकोशांच्या मारामारीत एक प्रसंग टाकते. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा. परवा उंबऱ्याशी बसून अंगठ्याने मुंग्या चिरडत होता. रागाने नाही, शांतपणे, एकेक. 'एक, दोन, तीन, पाच' असं मोजत. 'चार' त्याला अजून येत नाही. मी दारात उभी राहून पाहत होते. चेहरा म्हणाल तर कॅलेंडरवर छापावा असा.
आता सांगा, हा निरागस आहे का?

वाटसरू:
अर्थात आहे. कळतच नाही त्याला.

कोशवेडा:
लॅटिनच्या हिशेबाने नाही. इजा तर झाली, मुंग्यांना विचारा. आगस्‌च्या हिशेबाने मात्र अडचण आहे. अपराध म्हणायला आधी मोडायला नियम लागतो, आणि तो त्याला कुणी सांगितलेला नाही.
यावर लॅटिनमध्ये लिहिणाऱ्या संत ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती विचारवंताचं म्हणणं फार कडू आहे. त्याच्या मते तान्ह्या मुलांचा निरुपद्रवीपणा असतो तो दुबळ्या हातापायांचा, मनाचा नव्हे. ज्या ताटव्यातून आपण निरागसपणाची फुलं तोडतो, तिथे त्याला नुसती अशक्त बोटं दिसली. मला पटत नाही, पण 'नोकेरे' ज्याच्या कानात रोज वाजत होतं तोच असं लिहू शकतो.

तिसरी घंटा:
@सायली_आई, एक उलटतपासणी. त्याने तुम्हाला पाहिलं तेव्हा काय केलं?

सायली_आई:
हसला. 'आई, बघ पाच' म्हणाला.

वाटसरू:
झालं! लपवलं नाही म्हणजे अजाण. लपवायला सुरुवात झाली की वेड पांघरून पेडगावला जाणं आलं.

तिसरी घंटा:
थांबा, साक्ष संपलेली नाही. तुम्ही त्याला काही बोललात?

सायली_आई:
'मुंगीला लागतं रे' एवढंच. तो थोडा वेळ अंगठ्याकडे बघत राहिला. मग तो चड्डीला पुसला आणि हात पाठीमागे घेतला.

कोशवेडा:
आणि मुंग्या?

सायली_आई:
दुसऱ्या दिवशी परत उंबऱ्याशी बसला होता. या वेळी मी येतेय का ते आधी वळून पाहिलं.